हुशारीचे समान वाटप

पाटोदा तालुक्यातल्या एका गावी, दुसरीतली एक मुलगी चौथीचे पुस्तक घडाघडा वाचते ही बाब बद्रीनाथ गुरुजींच्या लक्षात आली आणि तिथूनच घोटाळा सुरू झाला. गुरुजी निवृत्तीला आलेले. असली बाब लक्षात आली तरी ती वर कळवायची नसते, एवढे त्यांना या वयात कळायला हवे होते.

मुलीचे नाव शिवकन्या. आईबाप ऊसतोडीला गेलेले, ती आजीपाशी, छबुबाईपाशी राहायची. दुसरीच्या वर्गात पोर नुसत्या जांभया द्यायची. तिला सरळ चौथीत बसवावे, अशी शिफारस गुरुजींनी शाळा समितीपुढे ठेवली.

समितीचे अध्यक्ष विठ्ठलराव हेच गावच्या दूध संस्थेचे चेअरमन. दुष्काळात गावातले दूध आटले होते, चेअरमनपद आटले नव्हते. सगळे गाव जनावरांपाठी चारा छावणीवर असायचे, म्हणून बैठकही तिथेच भरली.

"पोरगी हुशार हाय, मान्य," विठ्ठलराव म्हणाले. "पण येकटीच कावून? सहकारात कुणी येकटं पुढं जात न्हाई. जायचं तं समद्यांनी."

"पण साहेब, बाकीच्यांना अजून जोडाक्षरं येत नाहीत," गुरुजी म्हणाले.

"बगा! आधीच जोडाक्षरं न्हाईत, वरून चौथीबी न्हाई. किती अन्याव करायचा लेकरांवर?"

टाळ्या पडल्या. दुसरीतल्या बंकटची आई मंजुळाबाई उठून म्हणाली, "आमचा बंकट लई हुशार हाय. शाळेत तेवढा दिसत न्हाई."

मग ठराव झाला : हुशारी ही गावाची सामायिक मालमत्ता असून तिचे दूध संस्थेच्या सभासदांच्या पाल्यांमध्ये समान वाटप करण्यात यावे. सबब दुसरीतल्या अशा सर्व पाल्यांना चौथीत बसवण्यात यावे. ठराव एकमताने मंजूर झाला.

"अन् माझी नात?" छबुबाईने विचारले.

विठ्ठलराव हळहळले. "मावशी, तिच्यामुळंच तं हे झालं. गाव तिचं उपकार इसरणार न्हाई. पण तुमच्या लेकाची, आश्रुबाची गाय मेली, तवाच तुमचं सभासदत्व गेलं."

"गाय मेली, मालक. पोरगी जित्ती हाय की!"

"नियमात गाय हाय, मावशी. पोरगी न्हाई."

गुरुजी बोलायला उठले. तेवढ्यात त्यांच्या मनात आले, की शिवकन्याही गेली तर दुसरीचा वर्ग रिकामा, वर्ग रिकामा तर आपली जागा रद्द, आणि जागा रद्द तर उतारवयात बदली. त्यांनी अध्यक्षांचे आभार मानले आणि ते खाली बसले.

दुसऱ्या दिवसापासून दुसरीत शिवकन्या एकटी बसू लागली. तिकडे चौथीत गेलेल्या कुणालाच वाचता येईना, म्हणून रोज सकाळी तिला तिकडे धडा वाचून दाखवायला पाठवण्यात येई. धडा झाला की परत दुसरीत येऊन ती बेचा पाढा म्हणायची. अभ्यासक्रम पुरा व्हायलाच हवा होता.

"गुरुजी," एकदा तिने विचारले, "माझं काय चुकलं?"

गुरुजींनी खडू शोधायला पाठ फिरवली. खडू हातातच होता.

बातमी पसरली. लिंबागणेशपासून पार धर्मापुरीपर्यंतचे पालक शाळेत येऊ लागले. एक दिवस बीडहून एक सद्गृहस्थ मुलाला घेऊन आले. चांगले शिकलेले, दोन वर्तमानपत्रे वाचणारे.

"इथं पोरं दोन यत्ता पुढं जातात म्हणे?"

"जातात," गुरुजी म्हणाले.

"आधी काही परीक्षा वगैरे?"

"छे."

"वा! मग आजच नाव घाला." तेवढ्यात त्यांना रिकाम्या वर्गातली शिवकन्या दिसली. "ही कोण?"

गुरुजी म्हणाले, "ही? ही मागं राहिलेली."

"अरेरे," गृहस्थ मनापासून म्हणाले आणि त्यांनी आपल्या मुलाला हाताला धरून पलीकडच्या बाजूला घेतले. असल्या पोरांची संगत नको. गृहस्थ काही वाईट नव्हते. त्या जागी तुम्हीआम्ही असतो तर पोराला अलीकडे थोडेच ठेवले असते?