एस्थरचं सुतक

पोस्टवाली जॅनिस टपाल दाराच्या फटीतून आत ढकलायची आणि पुढे जायची. अकरा वर्षांत तिनं रोलंड लारवुडच्या दाराची घंटी एकदाही वाजवली नव्हती. त्या मंगळवारी वाजवली. नोव्हेंबरचा पाऊस तिच्या टोपीवरून गळत होता आणि लिफाफा तिनं दोन्ही हातांत धरला होता. लिफाफ्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं, ‘कॉरोनर यांचे कार्यालय’.

"धीर धरा, रोलंड," ती म्हणाली. "काही लागलं तर सांगा."

कॉरोनर म्हणजे अवचित मेलेल्या माणसांची चौकशी करणारा अधिकारी, हे मार्लिंगथॉर्पमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण जमिनीतून निघालेलं जुनं सोनंनाणं कायद्यानं खजिना ठरतं की नाही, याचा निवाडाही तोच करतो, हे फक्त शेतांतून मेटल डिटेक्टर फिरवत हिंडणाऱ्यांना ठाऊक असतं. गावात असा माणूस एकच होता, आणि त्याच्या तोंडाला कुलूप होतं.

हे कुलूप गॉडफ्रे मेसनं घातलं होतं. चर्चखालचं साठ एकरांचं शेत मेसचं. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी पबमध्ये त्या शेतात जुनी नाणी सापडल्याचं बोललं, आणि आठवड्याच्या आत चोरांनी कोवळ्या गव्हात चाळीस खड्डे खणले. त्यामुळे रोलंडला परवानगी देताना मेसनं बजावलं होतं, "तू इथे येतोस हे कुणाला कळलं, की त्या दिवसापासून शेतात पाऊल टाकायचं नाही. मग सोनं सापडो नाहीतर शेण." म्हणून गावाला वाटे, की रोलंड समुद्रकिनाऱ्यावर बाटल्यांची बुचं वेचायला जातो.

आणि ते शेत गेलं तर रोलंडकडे दुसरं काही नव्हतं. त्याची बायको एव्रिल साथीच्या दिवसांत गेली. दफनाला दहा माणसांची मुभा होती, आली चार, तीही एकमेकांपासून सहा फुटांवर उभी. कुणी कुणाच्या घरी जायचं नाही असा कायदाच होता, त्यामुळे दार कुणी वाजवलं नाही. पुढे बंदी उठली, तोवर विषय शिळा झाला होता. आता काय बोलायचं, असं गावाला वाटलं, आणि रोलंडनंही विषय काढला नाही. त्यानं यंत्र विकत घेतलं. कानांवर हेडफोन चढवले की बुचं, ट्रॅक्टरचे नट आणि फुटक्या बादल्या यांच्याखेरीज काही ऐकू येत नसे. घर ऐकू येत नसे, आणि त्याला तेवढंच हवं होतं.

गेल्या फेब्रुवारीत मात्र त्या नट-बुचांमध्ये एक सोन्याची अंगठी निघाली. बारीक, आतल्या बाजूला कवटी कोरलेली, शेजारी E.W. आणि साल १६९१. म्युझियमच्या बाईंनी सांगितलं, की त्या काळी श्रीमंताघरच्या मयताला येणाऱ्यांना अशा अंगठ्या वाटत. जुन्या नोंदी धुंडाळून त्यांनी नावसुद्धा काढलं, एस्थर विंटर. नियमाप्रमाणे प्रकरण कॉरोनरकडे गेलं, आणि आता सुनावणीची तारीख आली होती. सव्वीस नोव्हेंबर, सकाळी अकरा.

जॅनिस साडेनऊला पोस्टाच्या दुकानात पोचली. साडेदहाला शेजारची मर्टल गॉट्स दारात उभी होती, हातात मटणाच्या स्ट्यूचं भांडं.

"हे खाऊन घ्यायचं. नाही म्हणायचं नाही. दुःखात माणूस आधी पोटाला विसरतो."

"मर्टल, तुमचा काहीतरी गैरसमज…"

"एक अक्षर बोलू नका," असं म्हणून मर्टलनं भांडं खाली ठेवलं आणि त्याला मिठी मारली.

पाच वर्षांत रोलंडला कुणी मिठी मारली नव्हती. खरं सांगायचं तर तोंडावर आलेलं वाक्य तिथेच विरघळलं. स्ट्यू गरम होता. त्यानं तो उभ्याउभ्याच संपवला, आणि मग उशीर झाला. कुणाचं मटण खाऊन झाल्यावर त्याला ‘कुणी मेलेलं नाही’ हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

बुधवारी दोन केक आले. गुरुवारी माशाचं कालवण, तीन शोकपत्रं आणि पांढऱ्या फुलांचा गुच्छ आला. पबमध्ये गेला तर मालकानं बिअरचे पैसे घेतले नाहीत आणि बाणफेकीचा डाव थांबवला. शुक्रवारी पाद्रीणबाई आल्या. फिलिपा त्यांचं नाव. बाई गावात नव्या होत्या आणि फार हळू आवाजात बोलत.

"मी काही विचारणार नाही, रोलंड. रविवारच्या प्रार्थनेत घ्यायला फक्त नाव सांगा."

रोलंडला लबाडी जमत नव्हती, आणि खरं सांगितलं तर शेत जाणार होतं. इकडे आड, तिकडे विहीर. "एस्थर," तो म्हणाला.

"खूप आजारी होत्या का?"

"त्याची मला कल्पना नाही."

"बऱ्याच दिवसांत भेट नसेल."

"भेट कधी झालीच नाही," रोलंड म्हणाला, आणि बाईंचे डोळे भरून आले.

रविवारपर्यंत गावानं आपसांत सगळं जुळवून टाकलं. एस्थर ही रोलंडची लहानपणी दत्तक दिलेली बहीण, आणि बिचारीचं काहीतरी भलतंच झालं. चर्चमध्ये तिच्या नावानं सगळे उभे राहिले. रोलंडही उभा राहिला. आपण मोठं पाप करतो आहोत असं त्याला वाटत होतं. पण खांद्यावर मर्टलचा हात होता, आणि तो तिनं काढू नये असंही वाटत होतं. त्या रात्री त्याला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी फोन आला.

"मिनीबस ठरवली आहे," मर्टल म्हणाली. "विल्फ चालवणार. आम्ही अकरा जण येतोय."

"कुठे?"

"कोर्टात. तुम्हाला एकट्याला जाऊ देऊ होय?"

"मर्टल, हात जोडतो, नका येऊ."

"बघा, कसे बोलतात ते," तिनं पलीकडे कुणाला तरी सांगितलं. "पार खचलेत. बारा जण येऊ."

सव्वीस तारखेला आभाळ ओलं आणि काळपट होतं. बस बिटाच्या लॉरींमागून रांगत शहरात गेली. बारा माणसं काळ्या कपड्यांत रोलंडच्या मागे दोन रांगा करून बसली. थोड्या वेळानं गॉडफ्रे मेस आत आला. त्यानं रोलंडकडे पाहिलं, मग त्या दोन रांगांकडे पाहिलं, आणि सगळ्यात लांबची खुर्ची धरली.

कॉरोनरनं चष्म्यावरून पाहिलं. अंगठीच्या सुनावणीला इतकी गर्दी त्यानं कधी पाहिली नसावी. "आपण सगळे या वस्तूशी संबंधित आहात?"

"आम्ही घरचेच," मर्टल रुमाल नाकाशी धरून म्हणाली.

पुढचं सगळं आठ मिनिटांत आटोपलं. सोन्याची शोक-अंगठी, साल सोळाशे एक्याण्णव, एस्थर विंटर हिच्या दफनप्रसंगी वाटलेली असण्याची शक्यता. वस्तू खजिना ठरते. सापडल्याचं ठिकाण गुप्त राहील. "जमिनीचे मालक हजर आहेत का?" कॉरोनरनं विचारलं, आणि मेसला सगळ्यांसमोर उभं राहावं लागलं.

"हे घ्या," विल्फ मोठ्यानं म्हणाला. "म्हणजे चर्चखालचं शेत."

बाहेर गाड्यांपाशी मेस वाट पाहत होता. तो ओरडला नाही, ओरडता तर बरं झालं असतं.

"मिनीबस करून आणलंस गाव, रोलंड."

"मी नाही आणलं."

"उद्यापासून यायचं नाही. खड्डे बुजवतोस नीट, ते मानतो मी. पण यायचं नाही."

बस परत निघाली. पहिले चार मैल फक्त वायपरचा आवाज होता.

"माझा स्ट्यू खाल्लात," शेवटी मर्टल म्हणाली.

"खाल्ला."

"सोळाशे एक्याण्णवच्या बाईच्या नावानं."

"हो."

"आणि गुरुवारी पुन्हा मागून घेतलात."

"चांगला झाला होता."

"अहो, मग सांगायला काय झालं होतं तुम्हाला? आम्ही तिच्यासाठी रडलो. जॅनिस दोन दिवस कामावर गेली नाही."

रोलंडनं खिडकीची काच बाहीनं पुसली. बाहेर नांगरलेली शेतं होती, आणि त्यातलं एकही आता त्याचं नव्हतं. "एव्रिल गेली तेव्हा दार वाजलं नाही," तो म्हणाला. "तुम्हाला येता येत नव्हतं, मला ठाऊक आहे. मी कुणाला दोष देत नाही. पण मी रोज स्वयंपाकघरात बसायचो आणि ऐकत राहायचो. या वेळी वाजलं. ते चुकून वाजलंय हे कळत होतं मला. तरी उघडलं."

जॅनिसनं टोपी काढून मांडीवर ठेवली. विल्फनं उगाच गिअर बदलला. त्या बसमध्ये असा एकही माणूस नव्हता, जो पाच वर्षांपूर्वी पडद्याआडून ती शववाहिका जाताना पाहत उभा नव्हता. फिलिपाबाई तेवढ्या सोडून, कारण त्या तेव्हा गावात नव्हत्या. म्हणून बोलायचं धाडस त्यांनाच झालं.

"गावचा हॉल चार वाजेपर्यंत आपल्याकडे आहे," त्या म्हणाल्या. "एस्थरसाठी घेतला होता."

"चाळीस जणांचे हॅमचे सँडविच केलेत मी," मर्टल म्हणाली. "डुकरांना घालू आता?"

"कपडे काळेच आहेत सगळ्यांचे," जॅनिस पुटपुटली.

एवढंच बोलणं झालं. विल्फनं बस हॉलच्या दाराशी लावली.

हॉलमध्ये थंडी होती आणि हीटरला धुळीचा वास येत होता. फळ्यावर खडूनं लिहिलेलं एस्थरचं नाव जॅनिसनं पुसलं आणि तिथे एव्रिल लारवुड असं लिहिलं. चहा झाला. फिलिपाबाईंनी छोटीशी प्रार्थना म्हटली आणि रोलंडला दोन शब्द बोलायला सांगितलं. तो उठला. सगळ्यांनी माना खाली घातल्या, कारण रोलंडला बोलता येत नाही हे गावाला माहीत होतं. त्यानं हातातल्या सँडविचकडे बराच वेळ पाहिलं.

"तिला हॅम मुळीच आवडायचं नाही," तो म्हणाला.

कुणी हसलं नाही. मग मर्टल हसली, आणि हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं. आता रोलंड खाली बसेल, असं सगळ्यांना वाटलं. साडेपाचला हॉलचा रखवालदार किल्ल्या वाजवत आला, तेव्हा रोलंड एव्रिलच्या तिसऱ्या ड्रायव्हिंग परीक्षेपर्यंत पोचला होता, आणि तिनं एकूण सात दिल्या होत्या.