अत्तारसरांची रेघ

आमचे शेजारी अत्तारसर माणसाला नाव विचारत नसत, हुंगत. किकवीला राहायला आले त्या दिवशी मी दारात उभा होतो. ओळख ना पाळख, हा माणूस सरळ माझ्या खांद्याशी नाक घेऊन आला. म्हणाला, "गंधक. सकाळी भुईमुगावर भुकटी मारलीत." मारली होती. "आणि काल रात्री लसूण खाल्लात. मी अत्तार. इथं शेजारीच राहणार."

घर मूळचं भोरचं, बापजाद्यांचा धंदा अत्तराचा. सर मात्र पुण्यात कॉलेजात केमिस्ट्री शिकवून रिटायर झालेले. हायवेवरनं पुण्याला जायला गाडी सापडते म्हणून किकवीत खोली घेतली. घरात कोण कोण म्हणून विचारलं तर म्हणायचे, "सध्या एकटाच." आता हे 'सध्या' काय, ते विचारायचं धाडस कुणाला झालं नाही.

सरांना एकच वेड, रेघ. जगात जे जे आहे त्याला आपली आपली रेघ असते म्हणायचे. एकदा मला कागद दाखवला. लांबलचक सपाट रेघ, मधेच सुळके. वेल्ह्याकडचे डोंगर कुणी सुईनं काढावेत तसे. "ही लवंग. नाव खोटं सांगता येतं, बापूराव. रेघ खोटी सांगता येत नाही."

रेघ काढायचं मशीन पुण्यात, त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडं. एकदा मलाही नेलं. पुरुषभर उंचीचं पांढरं पिंप, आत म्हणे लोहचुंबक. वस्तू औषधात विरघळवायची, काचेच्या बारक्या नळीत भरायची, नळी पिंपात सोडायची. मी बघायला पुढं झालो तर कमरेची किल्ली आपोआप पिंपाकडं उठली, कुणी बोटानं ओढावी तशी. मी बाहेर जाऊन बसलो तो घरी निघेपर्यंत आत गेलो नाही.

पूर्वी या रेघा जाडजूड पुस्तकांत असायच्या, नाहीतर कंपन्यांच्या कुलपात. पैसे भरा, मग बघा. सरांना त्याचा लई राग. पुढं घरोघर कॉम्प्युटर आले, तसं परदेशातल्या काही मंडळींनी रेघांचं कोठार काढलं. कुणीही रेघ आणून टाकावी, कुणीही फुकट बघावी. टाकलेली रेघ आधी कुणी दुसराच अनोळखी माणूस तपासणार, मगच ती आत जाणार. सर रिक्षात दाटीवाटीनं बसून नसरापूरला जायचे आणि तिथल्या इंटरनेट कॅफेत एकेका सुळक्याचा आकडा टाईप करायचे. मधेच लाईन तुटायची. सर पुन्हा पहिल्यापासून. "झाकून ठेवलं ते मेलं," म्हणायचे. "उघड्यावर ठेवलं ते राहिलं."

गावाला यातलं काय कळणार? गावानं त्यांना देवऋषी ठरवलं. सखूआत्याच्या उंबऱ्यावर कुणी कुंकू लावलेलं लिंबू टाकलं, ती ते फडक्यात धरून सरांकडं आली. "सर, कुणी केलंय तेवढं रेघंत बघा."

सरांनी लिंबू हुंगलं. कापलं. तांब्यात पिळलं. "साखर आहे का, आत्या?"

आत्या किंचाळली. सर प्याले. अख्खी आळी संध्याकाळपर्यंत त्यांच्या दारासमोर बसून राहिली, कधी पडतात म्हणून. सर बाहेर आले आणि म्हणाले, "बसलाच आहात तर अजून एक असेल तर आणा."

मग माझी बायको हौसा गेली.

तिला केसांना लावायला एक तेल लागायचं. वेल्ह्याकडच्या रानातनं कसलं तरी मूळ आणायची आणि स्वतःच उकळायची. कुठलं मूळ, ते कधी सांगितलं नाही. विचारलं तर म्हणायची, "तुमच्या टकलाला काय करायचंय?" ती गेली आणि मूळही गेलं. बाटली तर तिच्या आधीच रिकामी झाली होती.

पुढं वैशाखात, भर दुपारी, दार लावलेलं असताना पडवीत तो वास आला. दुसऱ्या दिवशीही आला. उन्हं कलली की जायचा. मी काही भित्रा नाही, पण अंगावर काटा यायचा. आणि त्याहून मोठी धास्ती ही, की एखाद्या दुपारी यायचाच नाही.

एकदा त्याच वेळेला सर पातेलं परत द्यायला आले. उंबऱ्यात थबकले. नाकपुड्या फुलल्या. पाय मागं घेतला. "वहिनी आहेत आत. मागनं येतो."

"सर, तुमीच खांदा दिला की तिला."

"दिला. तरी आहेत."

मग आत आले. भिंत हुंगली, गुडघ्यावर बसून जमीन हुंगली, आणि पडवीच्या खांबाशी थांबले. बसल्या बाईचं डोकं टेकेल तेवढ्या उंचीवर लाकूड काळं, चकचकीत झालेलं. हौसा जन्मभर तिथंच टेकून धान्य निवडायची. दुपारी पत्रा तापला की लाकूड पाझरत होतं.

"वास म्हणजे वस्तूच असते, बापूराव. नाकात वास आला म्हणजे तिचा कण आत आला."

मी खाली बसलो. "म्हंजी ती रोज संपतीया?"

"दर दुपारी थोडी." सर खांबावरनं नजर काढत नव्हते. "मला खरवडू द्या. रेघ काढतो. कोठारात गेली की मग संपणार नाही."

मी त्यांना आईबहिणीवरनं शिव्या दिल्या आणि हाकलून काढलं.

पण वास पातळ होत चालला. शेवटी मीच हाक मारली. सरांनी पात्यानं तो काळा थर अलगद काढला. नखाएवढा भरला, काचेच्या कुपीत. गेले पुण्याला. दुसऱ्या दिवशी दुपार झाली, पत्रा तापला, वास आला नाही. घर नुसतं घर होतं. मी खांबाकडं बघितलं नाही.

तिसऱ्या दिवशी सर यष्टीतनं उतरून थेट माझ्याकडं आले. कुपी होती तशीच भरलेली.

"मशीन बंद हुतं व्हय?"

"चालू होतं. माझा नंबरही आला होता." सर पायरीवर बसले. "विरघळवावं लागतं, बापूराव. त्याशिवाय रेघ येत नाही. माझ्या हमीदाची, आमच्या लग्नातली हिन्याच्या अत्तराची कुपी होती माझ्याकडं. हमीदा गेली तेव्हा तळाला चार थेंब होते. कोठार नवीन होतं, रिकामं होतं. जी असेल ती रेघ द्या म्हणाले. मी ते थेंब मशीनला दिले. त्यातनं एक रेघ अशी स्वच्छ आली की तपासणाऱ्यानं शाबासकी कळवली. आजही आहे तिथं, जगात कुठूनही दिसते. मी जातो नसरापूरला, बघून येतो."

सरांनी कुपी बोटांत फिरवली.

"त्या रेघेला वास नाही," म्हणाले.

थर त्यांनीच कुपीतनं काढला, तळव्यावर ऊब दिली आणि माझ्याकडं धरला. मी म्हणालो, "तुमीच लावा." त्यांनी अंगठ्यानं तो जिथला तिथं दाबून बसवला, एखाद्याच्या कपाळाला बाम चोळावा तसा.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेर खाकरल्याचा आवाज आला. सर उंबऱ्याबाहेर उभे. "जरा बसू का?"

मी घोंगडं सरकवलं. पत्रा कडकडायला लागला होता. सर खांबापासून लांब, कोपऱ्यात बसले आणि खिशातनं रुमाल काढून त्यांनी नाकावर धरला.

"आता हे काय, सर?"

"जास्त घ्यायला नको," रुमालाआडनं म्हणाले. "तुमचं संपेल."

"काढा त्यो रुमाल," मी म्हणालो.