तुळाजीरावांनीं अंगठा दाखविला त्याची हकीकत

॥ श्री ॥ ज्यानें माणसास जीभ दिली, परंतु ती वापरावी हें बजावून सांगावयाचें राहिलें, त्या विधात्यास दंडवत. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. ते समयीं थोरले गुणाजीराव राज्य करीत होते. राज्य म्हणजे चार खोल्या, एक गोठा आणि मोबाईलवर घरच्यांचा ग्रुप, त्यास दरबार म्हणत. मानकरी सतरा. दरबारांत सकाळीं फुलें येत आणि दुपारीं विनोद येत आणि कोणाचें काय दुखतें हें सतरांत एकास ठाऊक नसे.

महाराजांचा डावा डोळा पूर्वींच गेला होता, आणि उजव्यांत मोतीबिंदू पिकला. डॉक्टर बोलिले कीं पौर्णिमेस शस्त्रक्रिया करावी, हयगय केल्यास हाही हातचा जाईल. महाराज सापाचे शेपटास धरतील, परंतु सुईचें भय भारी. मग त्यांनीं सर्वांची नजर चुकवून, यंत्र नाकास लावून, एका बोटानें अर्धा प्रहर टिपून धाकटे बंधु तुळाजीराव, तीन तासांचे वाटेवर कारखान्यांत चाकरीस होते, त्यांस लिहिलें: "पौर्णिमेस डोळा कापणार. भय वाटतें. तूं ये." भय हा शब्द महाराजांनीं जन्मांत प्रथम लिहिला. तुळाजीरावांनीं वाचिलें, आणि बोलावयास वेळ नाहीं सबब पिवळा अंगठा धाडिला, आणि रजेचा अर्ज द्यावयास गेले. भावाचें भय वाचून चित्र धाडणारा शहाणा म्हणवितो, त्या शहाणपणास आग लागो.

इकडे महाराजांनीं अंगठा पाहिला आणि मस्तक फिरलें. कारण लहानपणीं याच तुळाजीनें गुळाची ढेप चोरून फोडिली, त्यांत अंगठ्याचें नख दुभंगलें, आणि सगळा गूळ खाऊन तोच अंगठा थोरल्या भावास दाखविला होता. मग महाराज बोलिले कीं साठी आली तरी खोड जात नाहीं, आतां आंधळा होईन परंतु दवाखान्याची पायरी चढणार नाहीं. आणि दरबारांतून तुळाजीचें नांव काढविलें. तुळाजीरावांस तें कळलें, तेही पेटले, कीं मी रजा मंजूर करवितों आणि दादा मला हाकलितो, तर राहिलें. दोघे बंधु वगळून पंधरा मानकरी दरबारांत हजर, सर्वांनीं पाहिलें, आणि एकानें हात जोडल्याचें चित्र धाडिलें. धन्य ते मानकरी.

पौर्णिमेस दोन दिवस राहिले. मग राणीसाहेब भागीरथीबाई यांनीं मोबाईल पिठाचे डब्यावर ठेविला आणि एस.टी. धरून थेट दिराचे दारीं गेल्या. पाणीही न घेतां विचारिलें, "भावोजी, अंगठा कां दाखविलात?"

"वहिनी, तो होकार होता."

"होकाराला तोंड लागतं. अंगठा तर सही न येणाराही उठवतो."

तुळाजीराव पिशवी भरून वहिनींबरोबर परतीचे एस.टी.नें आले. उंबऱ्यांत उभे राहिले तों महाराजांस ओळख पटेना, कोण म्हणून पुसूं लागले. भाऊ भावास कोण म्हणतो हें ऐकून तुळाजीरावांचा राग पाण्यासारखा उतरला.

"दादा, मी. येतों म्हणून तोंडानं सांगायला आलों."

महाराजांनीं हात पुढें करून पिशवी चांचपिली. मग म्हणाले, "गूळ आणलास काय?"

पौर्णिमेस शस्त्रक्रिया जाहली. दार लागेपर्यंत महाराजांनीं भावाचें मनगट सोडिलें नाहीं. दुसरे दिवशीं पट्टी काढिली आणि डॉक्टरांनीं हात वर करून विचारिलें, किती बोटें दिसतात. महाराजांनीं पापण्या मिटिल्या, उघडिल्या आणि बोलिले, "तुमचीं तीन. आणि तुमच्या मागं एक अंगठा आहे, नख दुभंगलेला. तो आमच्या चोराचा."

भागीरथीबाई मटकन बाकावर बसल्या आणि पदर तोंडाशीं धरून हंसूं लागल्या.

यंत्र विहिरींत टाकावें ऐसें आमचें मत होतें, तें कोणीं मानिलें नाहीं. डोळ्यांत थेंब घालावयाची याद तें दिवसांतून चार वेळां देतें आणि चुकत नाहीं, सबब राहूं दिलें. तुळाजीराव दरबारांत परत घेतले. कायदा ऐसा ठरला कीं, थेंबांची याद यंत्रानें द्यावी, आणि भय वाटतें ऐसें कोणीं लिहिल्यास तोंडानें उत्तर द्यावें. येणेंप्रमाणें एक डोळा आणि एक भाऊ राज्यास परत मिळाले. इति.