जिजाबाईंची किडनी आणि बसस्टँडचा भोंगा

आपल्या किडनीइतकी गुणाची किडनी अख्ख्या उमरेडात दुसरी नाही, याबद्दल जिजाबाईंना तिळमात्र शंका नव्हती. ती आता त्यांच्याजवळ नव्हती म्हणून काय झालं? मुंबईच्या दवाखान्यात त्यांनी ती धाकट्या भावाला, चंपतरावाला दिली होती. आता नागपूरच्या बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसून तो ज्या खणखणीत आवाजात गाड्या पुकारायचा, त्याचं निम्मं श्रेय जिजाबाई त्या किडनीलाच द्यायच्या.

घरी सोडताना डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून पथ्यं सांगितली होती. गोळ्या वेळेवर, मीठ कमी, बाहेरचं खाणं बंद. पाणी भरपूर प्यायचं हे तर दोघांनाही बजावलं होतं. चंपतराव तेव्हा खिडकीबाहेर बघत होता. जिजाबाईंनी मात्र शब्दन् शब्द ध्यानात ठेवला, निदान भावाच्या वाट्याचा तरी.

पण भाऊ नागपुरात, आपण उमरेडला, आणि घरी फोन नाही. मग लक्ष ठेवायचं कसं? शेजारचा देवराव नागपूरच्या गाडीवर कंडक्टर होता. सकाळी त्याच्याजवळ निरोप द्यायचा आणि संध्याकाळी भावाने काय खाल्लं, काय प्याला, याची खबर घ्यायची, असं जिजाबाईंनी ठरवून टाकलं. देवराव माणूस इमानदार. निरोपातला एक शब्द गाळत नसे. फक्त हळू बोलणं त्याला ठाऊक नव्हतं.

एके दिवशी चंपतरावाने भंडाऱ्याची गाडी पुकारली आणि माइक बंद करायचा विसरला. तेवढ्यात खिडकीशी देवराव येऊन उभा राहिला.

"चंपतराव, जिजाबाईनं इचारलं हाये, गोळी घेतली काय? आन् काल आलूबोंडा काहून खाल्ला म्हणते!"

सगळ्या फलाटांवर ते दणाणलं. भंडाऱ्याच्या गाडीत चढणारी माणसं पायरीवरच थांबून खिडकीकडे बघू लागली. त्या दिवसापासून कँटीनच्या कवडूने चंपतरावाला आलूबोंडा देणं बंद केलं. काकडीवाली भीमाबाई त्याला बघून मीठ पदराखाली लपवू लागली. रोजचे प्रवासी तर आधी गोळीची चौकशी करायचे आणि मग गाडीची.

चंपतराव भडकला. तुझी किडनी घेतली, मास्तरीण नाही घेतली, असा उलटा निरोप त्याने देवरावाबरोबर पाठवला. देवरावाने त्याबरोबर कवडूची आणि भीमाबाईची हकीकतही सांगितली. ती ऐकून जिजाबाईंचा ऊर अभिमानाने भरून आला. सारा बसस्टँड आपल्या शब्दाप्रमाणे वागतो, हे एकदा डोळ्यांनी बघायलाच हवं होतं.

दुसऱ्याच दिवशी त्या निघाल्या. बाईमाणसाने रस्त्यात गाडी कशी थांबवायची, म्हणून प्रवासाच्या दिवशी त्या पाण्याला शिवत नसत. लग्न झाल्यापासूनचा नेम होता तो. नागपूरला उतरल्या तेव्हा घशाला कोरड पडली होती आणि पोटात कावळे ओरडत होते. भावाकडे भुकेल्या पोटी जाऊ नये म्हणून त्या चौकशीच्या खिडकीसमोरच्याच कँटीनमध्ये बसल्या, मिरचीची भजी मागवली आणि वरून चांगलं चिमूटभर मीठ भुरभुरलं.

पहिला घास तोंडात जातो न जातो तोच वरचा भोंगा खरखरला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. उमरेडहून आलेल्या जिजाबाई यांनी हातातली प्लेट खाली ठेवावी." मग चंपतराव सरकारी मराठी विसरला. "बाई, वरून मीठ काहून घेऊन राहिली वं? घरून निघाल्यापासून घोटभर तरी पाणी प्याली काय? तुले काही झालं तं मी काय देऊ? माझ्यापाशी माझं काहीच नाही. जे चालू हाये ते तुझंच हाये."

कवडूने प्लेट उचलली. भीमाबाईने पाण्याचा तांब्या हातात दिला. जिजाबाईंचे डोळे भरून आले होते, पण मान ताठ होती. माझी किडनी बोलून राहिली, ऐकलं काय, असं त्यांनी आजूबाजूच्या प्रत्येकाला सांगितलं आणि तांब्या रिकामा केला. मग ज्याला त्याला त्यांना पाणी पाजायचं होतं, आणि त्या दिवशी त्यांनी कुणालाही नाही म्हटलं नाही.

परतीची गाडी गावाबाहेर पडली न पडली तोच त्या उठून देवरावाजवळ गेल्या आणि त्याच्या अगदी कानाशी लागून कुजबुजल्या.

देवरावाने घंटीची दोरी ओढली आणि गाडी का थांबली ते साऱ्या प्रवाशांना सांगितलं, एक शब्दही न गाळता.