कोरड्या छताखालच्या छत्र्या

छत्र्यांच्या कारखान्यात दोन अनोळखी माणसं टेप लावून भिंती मोजू लागली, तेव्हा मुकादमांनी हातातलं काम थांबवलं. निम्मं काम गेल्याच वर्षी परदेशात गेलं होतं. तिकडे म्हणे अख्खी छत्री इथल्या नुसत्या दांड्याच्या भावात तयार होते. आता इमारतही विकली, तर पन्नाशी उलटलेल्या माणसाला कोण दारात उभं करणार?

"गोडाऊनसाठी बघतायत," शिलाईवाली कुजबुजली. "उद्या परत येणारेत."

"येऊ देत. छत गळतंय म्हटल्यावर कोण घेतंय?"

"पण मुकादम, आपलं छत कुठं गळतंय?"

छत खडखडीत कोरडं होतं. मुकादमांचं डोकं मात्र चालू लागलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी छत्र्या तपासायच्या फवाऱ्याखाली सहा बादल्या भरल्या आणि जागोजागी मांडल्या. पाहुणे आले तेव्हा सगळ्या बायका मशिनला उघड्या छत्र्या बांधून त्याखाली शिवत बसल्या होत्या. मालक बाहेर फोनवर होते, हेच नशीब.

"हे काय?" जाड्या पाहुण्याने विचारलं.

"रोजचंच आहे साहेब." मुकादमांचा आवाज भीतीने इतका कापत होता की खोटेपणाची शंकाही येऊ नये. "तुम्ही भले दिसता म्हणून सांगतो. मालकांना कळलं तर माझी नोकरी जाईल."

पाहुणे चहा न घेताच निघून गेले. त्या दिवशी मुकादम पोटभर जेवले.

आठवड्याने मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. समोर जाडा पाहुणा बसला होता.

"विकली जागा," मालक म्हणाले. "माझा भाव यांना परवडत नव्हता. गळक्या छतावरून यांनी तो निम्म्यावर आणला. मी तर इतक्या वर्षांत कधी वर बघितलंच नाही."

महिनाअखेरीस सगळेच घरी बसणार होते.

"तुम्ही मात्र राहायचं," पाहुणा म्हणाला. "नोकरीची पर्वा न करता खरं बोलणारा माणूस मिळतो कुठे? परदेशातून आमचा माल येईल, त्यावर लक्ष ठेवा."

"कसला माल साहेब?"

"छत्र्या. आधी ते छत कुठे गळतं, तेवढं दाखवा. सोमवारी दुरुस्तीवाला येतोय."

शनिवारी शिलाईवाली आपलं सामान न्यायला आली, तेव्हा मुकादम हातोडा घेऊन शिडीवर उभे होते. तिने एकदा वर कोरड्या छताकडे बघितलं. मग तिने पिशवी खाली ठेवली.

"शिडी धरते," ती म्हणाली. "माझं तर गेलंच. तुमचं तरी राहू दे."