पेंढारकर काकांचा झुकलेला केक

पेंढारकर काकांनी माझी पोळी नापास केली, तेव्हा आमची ओळख होऊन जेमतेम अर्धा तास झाला होता. नवऱ्याची बदली तमिळ मुलखात, आवडी गावाला झाली होती. क्वार्टर मिळेपर्यंत आम्ही एका घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. खालच्या मजल्यावर मराठी माणसं आहेत म्हटल्यावर मी हौसेने त्यांना जेवायला बोलावलं. काकांनी पानातली पोळी उचलली, शर्टाच्या खिशातून जाडी मोजायचा व्हर्नियर कॅलिपर काढला, पोळीची कड त्यात धरली आणि गंभीरपणे म्हणाले, "मध्ये पातळ, कडेला जाड. टॉलरन्सच्या बाहेर. रिजेक्ट!"

मग तीच पोळी आमटीत बुडवून खाल्ली आणि वर आणखी दोन मागितल्या.

"मनावर घेऊ नकोस गं," कुमुदकाकू म्हणाल्या. "आमच्या लग्नात यांनी बाशिंगसुद्धा तपासून घेतलं होतं."

काका इथल्या संरक्षण खात्याच्या कारखान्यात इन्स्पेक्टर होते. निवृत्त झाले, क्वार्टर सुटली, पण तपासणी सुटली नाही. दारावर मोगऱ्याचे गजरे विकणारी बाई हातभर लांबीच्या मापाने फुलं देते, तर काकांचा तिला रोजचा प्रश्न, "हात म्हणजे कोणाचा हात?" ती बिचारी हसून आपलाच हात पुढे करी. काका मान हलवत म्हणत, "स्टँडर्ड नाही!" आणि काकूंसाठी गजरा घेत.

काकू पूर्वी कॉलनीतल्या बायकांना केक शिकवायच्या. आवडीतल्या निम्म्या वाढदिवसांचे केक त्यांच्या हातचे, असं लोक सांगत. मग अर्धांगाचा झटका आला. काकू सावरल्या, काठी घेऊन चालू लागल्या, जीभ तर अधिकच धारदार झाली. पण उजवा हात उठला नाही तो नाहीच. आयसिंगच्या नोझलांचा डबा कपाटात गेला.

एकदा काकांना त्या डब्यात गंज दिसला. गंज म्हणजे त्यांचा जन्माचा वैरी. ते सगळी नोझलं घासायला बसले. काकू आरामखुर्चीतून म्हणाल्या, "नुसती घासून काय दाखवताय? क्रीम भरा आणि एक रेघ ओढून दाखवा सरळ."

काकांनी ओढली. ती सरळ आली नाही. त्या दिवसापासून खालच्या मजल्यावरून रोज दुपारी आवाज येऊ लागले.

"अहो, मनगट सैल सोडा! बोल्ट आवळताय का?"

"अगं, प्रेशर कमी पडतंय."

"प्रेशर माझं वाढतंय! पोदुम आता, पुरे. पुसून टाका आणि परत करा."

वर्षभरात काका कॅलिपरने मोजावी अशी झालर काढू लागले. आणि मग एका मासिकात त्यांना तो फोटो दिसला. परदेशातला लग्नाचा केक, चार मजली, आणि प्रत्येक मजला वेगळ्या बाजूला कललेला. काका मासिक घेऊन जिना चढून माझ्याकडे आले. "हे बघ! केक पडतोय, आणि यांनी खुशाल छापलाय!"

खालून काकू ओरडल्या, "पडत नाहीये, झुकलाय! मुद्दाम करतात तसा. तुम्हाला जमायचा नाही."

झालं. अड्यारला केक सजवणाऱ्यांचं प्रदर्शन भरणार होतं, त्यात लग्नाच्या केकचं वेगळं टेबल होतं. काकांनी नाव दिलं. दाखवण्याचाच केक, तेव्हा आत थर्माकोल आणि वर खरं आयसिंग चालणार होतं. काकांनी थर्माकोल तिरके कापले, एकावर एक रचले, आणि सगळा डोलारा घसरून टीव्हीमागे गेला. दुसऱ्यांदा रचला, तो काकूंच्या मांडीवर आला. आठवडाभर खालच्या घरात पांढरा भुगा उडत होता. मग एके सकाळी काका दारात उभे. चेहरा लग्न ठरल्यासारखा.

"सापडलं! प्रत्येक मजल्याच्या तिरक्या माथ्यात सपाट खड्डा कोरायचा. वरचा मजला त्या खड्ड्यात बसतो, पाणसळ लावून बघ, बुडबुडा बरोबर मध्ये! वरपासून खालपर्यंत एक दांडा. म्हणजे काय, की आतून सरळ आणि बाहेरून वाकडा!"

"तुमच्यासारखाच," काकू म्हणाल्या.

मग सजावट. फिकट गुलाबी थर, त्यावर पांढरी जाळी, कडेने मोगऱ्याच्या कळ्यांच्या माळा. प्रत्येक कळी काकू चष्म्यातून तपासत आणि नवऱ्याला त्याच्याच शब्दात सांगत, "रिजेक्ट." शेंड्यावर ठेवायला एक मोठा गुलाब हवा होता. तो जमायला काकांना सगळ्यात जास्त दिवस लागले. जमला, तेव्हा त्यांनी तो कापूस घातलेल्या डब्यात ठेवला आणि डब्याला कुलूप लावलं.

प्रदर्शनाच्या दिवशी भाड्याची व्हॅन केली. आवडीहून अड्यारपर्यंत काका केकला मिठी मारून बसले होते आणि ड्रायव्हरला "मेदुवा, मेदुवा" म्हणत होते. म्हणजे सावकाश. सैदापेटजवळ समोर एक बस आडवी आली. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. आम्ही सगळे पुढे आपटलो. केक जागचा हलला नाही.

"दांडा!" काका ओरडले. "बघितलंस? दांडा!"

पण हॉलवर पोहोचून त्यांनी कुलूप उघडलं, तर डब्यात गुलाबाच्या पाकळ्यांचा चुरा. परीक्षकबाई दुसऱ्या टोकाच्या टेबलापाशी आल्या होत्या. काकांनी सांधे बुजवायला आणलेलं आयसिंग पिशवीत भरलं, फुलं करायचा चपट्या डोक्याचा खिळा हातात घेतला आणि घाईघाईने पिशवी दाबली. पहिली पाकळी ओघळली. दुसरीही.

"आणा इकडे," काकू म्हणाल्या.

"अगं, पण..."

"पिशवी माझ्या डाव्या हातात द्या. खिळा तुम्ही फिरवा. सावकाश. मी सांगेन तेव्हा थांबा."

काकूंच्या खुर्चीसमोर काका गुडघ्यांवर बसले. त्यांनी खिळा फिरवला, काकूंनी पिशवी दाबली. "फिरवा. थांबा. फिरवा." दोघांची डोकी एकमेकांना टेकली होती. फूल झालं. एक पाकळी जाड, एक दुमडलेली, सगळं फूल जरा एका अंगाला गेलेलं.

शेजारच्या टेबलावरच्या एका बाईंना दया आली. त्यांनी आपल्याजवळचा सुबक, तयार गुलाब पुढे केला. "अंकल, टेक दिस."

काकू लगेच म्हणाल्या, "घ्या हो तो. माझा कुठे लावताय तिथे?"

काकांनी त्या बाईंना हात जोडले आणि काकूंचं फूल कात्रीच्या टोकांवर अलगद उचललं. "हे फूल म्हणजे केक," ते म्हणाले. "खालचं सगळं त्याचं स्टँड आहे." आणि ते शेंड्यावर ठेवलं.

परीक्षकबाई आल्या. केकभोवती दोनदा फिरल्या, खाली वाकून सांधे बघितले, आणि शेंड्याकडे बघत बराच वेळ उभ्या राहिल्या. दुपारी निकाल लागला. लग्नाच्या केकमध्ये पहिला, पेंढारकर. काका "कुमुद पेंढारकर! कुमुद!" असं ओरडत माइकपर्यंत गेले आणि नाव दुरुस्त करूनच परतले. मग आमच्या टेबलापाशी ही गर्दी. पोरी केकशेजारी उभं राहून फोटो काढत होत्या, व्हॅनचा ड्रायव्हर दिसेल त्याला ब्रेकची गोष्ट सांगत होता, आणि काकू राणीसारख्या बसून डावा हात सगळ्यांना दाखवत होत्या. बोटांवर आयसिंग वाळून कडक झालं होतं. मी पुसायला रुमाल दिला, तर म्हणाल्या, "राहू दे गं. किती वर्षांनी लागलंय."

संध्याकाळी हॉल रिकामा होऊ लागला. काकूंची काठी खुर्चीपाशीच राहिली होती, ती द्यायला मी मागच्या व्हरांड्यात गेले, तर नळापाशी दोघं उभी होती. काका काकूंचा डावा हात धुवत होते, एकेक बोट घेऊन, नखांच्या कडांपर्यंत. तो धुऊन, पुसून झाला. मग त्यांनी खाली लोंबणारा उजवा हात उचलून नळाखाली धरला.

"अहो, त्याला काही लागलेलं नाही," काकू म्हणाल्या.

"असू दे," काका म्हणाले, आणि त्यांनी त्याचंही पहिलं बोट हातात घेतलं.