खाडीच्या सुभ्याने लाल गाडीस भरती शिकविली त्याची हकीकत

श्री. ज्याचे वाहन उंदीर, ज्या वाहनास धूर नाही की भोंगा नाही, त्या गजाननास प्रथम वंदन करून हकीकत लिहिली ऐसी जे: शके १९४५, शोभन नाम संवत्सरे, कार्तिक मासी खाडीच्या सुभ्यात मोटारींचा कल्लोळ माजला. पैलतीर समोर दिसे, परंतु मोटारी अठरा कोसांचा वळसा घालीत, आणि वेशीत धुराने माणसास माणूस दिसेना. तेव्हा सुभ्याचे धनी खाविंद यांनी हुकूम केला की लाल गाडी, होडी आणि सायकल यांची एक साखळी करावी आणि रयतेने मोटारीवाचून हिंडावे. हे काम शर्मिष्ठाबाई नामे नव्या पदवीधर मुलीस सांगितले. बाई शास्त्र शिकलेली, मोजल्यावाचून बोलत नसे. तिने थांब्याथांब्यावर सायकली ठेविल्या आणि धक्क्यावर उभे राहून लिहिले: गाडी आठ वाजून दहा मिनिटांनी येईल, होडी सव्वाआठास सुटेल. पहिले दिवशी तैसेच घडले आणि बाई हर्षली.

मग आठवे दिवशी गाडी वेळेवर आली, आणि पाहतात तो पाण्याच्या जागी गुडघाभर चिखल, होडी त्यात कुशीवर निजलेली, आणि साठ उतारू पिशव्या घेऊन उभे. दिवाण त्र्यंबकपंत पाहणीस आले होते. ते गरजले, "होडी मोडीत काढा! मोटारींचा रस्ता रुंद करू." गोमाजी तांडेल, ज्याच्या तीन पिढ्या होडीवर गेल्या, मटकन खाली बसला. पैलतीरीच्या मुली त्याच होडीने शाळेस येत.

बाई त्याजपाशी गेली आणि म्हणाली, "तांडेलकाका, चूक माझी. मी एकच दिवस मोजला."

"बाय, तुझी गाडी बघते घड्याळ, माझी होडी बघते पाणी. न विचारता सोयरीक लावलीस, मग नवरी रुसणारच!"

"पण पाणी केव्हा येणार हे तुम्हांस कसे कळते?"

"तिथीची पाऊणपट कर गो. आज तृतीया. तिनाची पाऊणपट सव्वादोन. दुपारी सव्वादोनला भरती."

बाईचे डोळे चमकले. तिने चिखलात खुणांची काठी रोवली आणि पंधरा दिवस पाणी मोजले, आणि तांडेलाचा हिशेब रोज पाव तासाच्या आत खरा ठरला. मग तिने तिथीवार नवे वेळापत्रक रचून दरबारात मांडिले.

पंत हसले, "सरकारची गाडी पंचांग पाहून निघणार? उद्या मुहूर्तही काढाल!"

"मुहूर्त नको, पंत. चंद्र पाणी ओढतो, गाडीने त्याचा मान राखावा, इतकेच."

खाविंदांस कौतुक वाटले आणि त्यांनी एका पक्षाची मुदत दिली. एकही दिवस उतारू अडकले तर होडी मोडीत. चौदा दिवस गाडी आणि होडी बहिणींसारख्या भेटल्या. पंधरावे दिवशी, अमावास्येस, पंत स्वतः घड्याळ घेऊन धक्क्यावर ठाकले. पाणी चढले, होडी डोलू लागली, आणि गाडीचा पत्ता नाही. बाई टाचा उंचावून वाटेकडे पाहू लागली.

"पाणी थांबत नाय गो," गोमाजी हळूच म्हणाला.

इतक्यात घंट्यांचा एकच गजर जाहला. गाडीचे चाक अर्ध्या कोसावर बसले होते, आणि उतारूंनी तेथल्या थांब्यावरच्या सायकली काढिल्या होत्या. दोघे दोघे, पाट्या डोईवर, ऐसी फौज उतारावरून आली, आणि सर्वांपुढे एक आजी नातवाच्या मागे बसून ओरडत होती, "पंतानू, बाजूस व्हा! ह्याचा ब्रेक लागत नाय!"

पंतांनी उडी घेतली ती थेट होडीत. मागोमाग सारे उतारू चढले आणि गोमाजीने दोर सोडिला. ज्या पैलतीरास मोटारीने दीड तास लागे, तेथे पंत अठरा मिनिटांत पोहोचले, वाऱ्याने पागोटे सैल आणि चेहरा लहान मुलासारखा.

पंत म्हणाले, "छे छे! ऐसी होडी मोडीत काढा म्हणणारा गाढव कोण?"

आजीने बोट उचलून सरळ पंतांकडे दाखविले, आणि सारी होडी हसली, आणि सर्वांत मोठ्याने पंत हसले.

येणेप्रमाणे होडी राहिली, रस्ता होता तितकाच अरुंद राहिला, आणि सुभ्याच्या गाड्या तिथीने धावू लागल्या. इतकी हकीकत घडली तैसी लिहिली. वाचणाऱ्यास वाटेत सोबत मिळो.